गाळलेला परिच्छेद

मला हॉटेलात नोकरी लागली ती जर्मनमुळे. तिला कशामुळे लागली हे मला चार वर्षं कळलं नाही, आणि ती चार वर्षं मी तिच्यावर जळत काढली.

आम्ही तंजावरकडचे मराठी. वडील मद्रासजवळच्या आवडी या गावी संरक्षण कारखान्यात कारकून होते आणि आम्ही तिथल्याच सरकारी क्वार्टर्समध्ये राहत होतो. घरात आमची जुनी मराठी, दाराबाहेर तमिळ, कॉलेजात इंग्रजी. एवढ्या भाषा असताना मला आणखी शिकायची हौस कुठून आली कोण जाणे. बी.ए.ला फ्रेंच घेतलं, मग जर्मनच्या नादी लागले आणि १९७६ साली जर्मनमध्ये एम.ए. झाले. विद्यापीठात पहिली आले. वर्गात आम्ही सहाच जण होतो, पण ते घरी कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

पदवी मिळाली, पुढे काय? जर्मन शिकवायच्या जागा सगळ्या मद्रासमध्ये दोन-तीन, आणि त्या भरलेल्या. वर्षभर मी घरी बसून यंत्रांच्या माहितीपत्रकांची भाषांतरं करत होते. मग एके दिवशी वडिलांनीच पेपरातली जाहिरात दाखवली. एग्मोर स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर एक मोठं हॉटेल होतं. तिथे स्वागतकक्षात परदेशी भाषा येणारी मुलगी हवी होती.

आई ऐकून थक्क झाली. "हाटेलांत? येणाऱ्या-जाणाऱ्यास हात जोडून उभी राहावयास एम.ए. केलीस काय गे?"

वडील मुलाखतीच्या दिवशी रजा काढून माझ्याबरोबर गाडीने आले. फाटकाशी मी म्हटलं, आत येऊन बसा. "नको गे, मी येथेंच बरा," म्हणाले, आणि रस्त्यापलीकडच्या झाडाखाली अडीच तास उभे राहिले.

मॅनेजर पन्नाशीचे तमिळ गृहस्थ होते. पूर्वी बोटीवर काम केलेले, कमी बोलणारे. त्यांनी माझ्यापुढे एक जर्मन पत्र टाकलं आणि म्हणाले, वाचून दाखवा काय आहे ते. मी न अडखळता इंग्रजीत सांगत गेले. नोकरी पक्की झाली.

पहिली दोन वर्षं माझी होती. जानेवारी-फेब्रुवारीत जर्मनीहून चामड्याचे व्यापारी यायचे. हॉटेलात उतरायचे आणि तिथून गाड्या करून अंबूर-वाणियंबाडीच्या कातडी कमावणाऱ्या कारखान्यांकडे जायचे. त्यांचे परदेशी पाहुण्यांसाठीचे पोलिसांचे फॉर्म मी भरायची, त्यांच्या तक्रारी मी ऐकायची. जर्मनमधलं प्रत्येक पत्र माझ्या टेबलावर यायचं. मी त्याचं इंग्रजी करून, टाइप करून, मूळ पत्राला टाचणी लावून मॅनेजरांकडे पाठवायची. हॉटेलात ही भाषा येणारी मी एकटी होते, आणि एकटी असण्याची मला गोडी लागली होती.

मग ती आली. पुण्याची. नवरा बँकेत अधिकारी, त्याची मद्रासला बदली झालेली. पदरात तीन वर्षांचा मुलगा, आणि पुण्यात केलेला जर्मनचा एक वर्षाचा सर्टिफिकेट कोर्स. एक वर्षाचा! मी तिचा अर्ज पाहिला होता. मला वाटलं, हिला टेलिफोनवर बसवतील.

तिला माझ्या शेजारी उभं केलं.

मी मराठी आहे हे कळल्यावर ती इतकी हरखली की पाहुण्यांसमोरच माझा हात धरला. "अय्या, तुम्ही मराठी! मग सकाळपासून बोलला का नाहीत?"

"बोलावयाचें राहून गेलें," मी म्हणाले. "घरीं आम्ही मराठींच बोलतों."

ती खळखळून हसली. "अहो, तुम्ही अगदी कीर्तनकार बुवांसारखं बोलता!"

तिच्या हसण्यात वाईट काही नव्हतं. पण माझे कान तापले. जी भाषा मी आईच्या मांडीवर शिकले, ती या बाईने पहिल्याच दिवशी हसण्यावारी नेली. त्यानंतर तिच्याशी बोलताना मी वाक्यं छोटी करू लागले आणि ती कशी बोलते हे ऐकू लागले. गाडीत बसून तिची वाक्यं मनात घोळवायची. आज मी हे लिहिते आहे ती मराठी बरीचशी तिची आहे. हेही मी तिला कधी सांगितलं नाही.

तिचं जर्मन ऐकून मात्र मला प्रथम बरं वाटलं. लिंग चुकायचं, विभक्ती चुकायची, क्रियापद भलतीकडेच जायचं. जिथे शब्द सापडत नसे तिथे ती हात वापरायची, नाहीतर चक्क मराठी शब्द घुसवायची. आणि पाहुणे तिच्यापुढे थांबायचे. माझ्याकडून किल्ली घेऊन, आभार मानून, दोन पावलं सरकून तिच्यापुढे थांबायचे. मला ते कधीच घरचे फोटो दाखवत नसत, तिला दाखवत.

एकदा मी सगळ्यांदेखत तिची चूक सुधारली. समोर एक वयस्क इंजिनियर होते. ते माझ्याकडे वळून जर्मनमध्ये अगदी नम्रपणे म्हणाले, "राहू द्या ना. आम्हाला त्यांचं समजतं." तिला ते वाक्य कळलं नाही. "काय म्हणाले गं?" तिने विचारलं. आम्ही तोवर 'अगं-तुगं'वर आलो होतो, म्हणजे ती आली होती. मी म्हटलं, "काही नाही, चहा कुठे मिळेल विचारत होते."

तेव्हा तिला खोटं सांगायला मला काहीच वाटलं नाही.

तिच्या दुसऱ्या हंगामात एक व्यापारी बायकोला घेऊन आले. बाई साठीच्या, जाडजूड, इंग्रजी अजिबात न येणाऱ्या. नवरा दोन दिवसांसाठी वाणियंबाडीला गेला आणि इकडे बाईंचं पोट बिघडलं. मी कामावर होते. मी खोलीवर गेले, डॉक्टर बोलावू का विचारलं, बोलावले, त्यांनी सांगितलेलं सगळं नीट समजावून दिलं, गोळ्यांच्या वेळा सुरेख अक्षरात लिहून पलंगाशी ठेवल्या. एक शब्द चुकला नाही. मग खाली येऊन फॉर्म भरायला बसले.

संध्याकाळी वर गेले तर ती बाईंच्या पायथ्याशी बसलेली. ड्यूटी संपून दोन तास झाले होते. स्वयंपाकघरातून तांदळाची पेज करवून आणली होती, मीठ घालून चमच्याने भरवत होती, आणि बोलत होती काय तर, "पोट, दुखणं, हो हो, मी पण, मुलगा जन्म, फार दुखणं!" असं काहीतरी, सगळं कर्ता-क्रियापदावाचून. आणि ती आजारी बाई हसत होती. मला पाहून हसायची थांबली आणि नुसतं "डांके", आभारी, म्हणाली, जसं पोस्टमनला म्हणावं.

मी दार बाहेरून ओढून घेतलं. जिन्यात उभी राहिले. माझं काय चुकलं होतं? काहीच नाही, आणि तेच सहन होत नव्हतं.

त्याच महिन्यात लॉबीत एक वेगळं टेबल मांडलं गेलं. पाहुण्यांची विचारपूस करायची, त्यांना शहर दाखवायची व्यवस्था करायची, त्यांचं गाऱ्हाणं ऐकायचं, हे नवं काम. मला खात्री होती की टेबल माझं. मॅनेजरांनी ते तिला दिलं. घरी आईने विचारलं, "बढती झाली काय गे?" मी म्हणाले, पुढल्या वर्षी.

ऑगस्टात जर्मनीहून पत्र आलं. तिने पेज भरवलेल्या बाईंचं, मॅनेजरांच्या नावाने, जर्मनमध्ये. नेहमीप्रमाणे माझ्या टेबलावर आलं.

तीन परिच्छेद होते. पहिल्यात आभार. तिसऱ्यात, पुढच्या हंगामात पुन्हा येऊ, तीच खोली ठेवा. आणि मधल्यात असं होतं की बाई आणि त्यांची बहीण मिळून एका लहान गावात हॉटेल चालवतात. आपल्याला पेज भरवणाऱ्या त्या तरुण मदतनिसाला त्या सहा महिने तिथे शिकायला बोलावू इच्छितात. जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा सगळा भार त्यांचा. मॅनेजरांची परवानगी असेल तर उत्तर पाठवावं.

मी ते तीनदा वाचलं. जर्मनी मी पाहिलेली नव्हती. त्या देशाच्या नद्या, गावं, कवी, सगळं मला पाठ होतं, आणि मी मद्रास आणि आवडीच्या पुढे फारशी गेले नव्हते. ज्या बाईला त्या भाषेत एक वाक्य धड बोलता येत नाही तिला तिकडे बोलावणं, आणि ते बोलावणं माझ्या हातून भाषांतर होऊन जाणार!

मी टाइपरायटरवर कागद चढवला. पहिला परिच्छेद केला. मग तिसरा केला. टाचणी लावली आणि पाठवून दिलं.

दुपारी ती माझ्याकडे आली. "आजीबाईंचं पत्र आलं म्हणे? काय लिहितायत?"

"आभार मानलेत," मी म्हटलं. "पुढच्या वर्षी येणार आहेत."

"इतकंच? माझी आठवण नाही काढली?"

"काढली की. प्रेम कळवलंय."

ती खूश होऊन गेली. मॅनेजरांनी खोली राखून ठेवल्याचं छोटं उत्तर पाठवलं. तिकडे बाईंनी त्याचा अर्थ नकार असा घेतला असणार. मी पहिले काही आठवडे धास्तावलेली होते. मग धास्ती गेली, आणि सांगायला लाज वाटते, पण मला शांत झोप लागू लागली. तिच्याशी मी चांगली वागू लागले. तिच्या मुलाच्या वाढदिवसाला आवडीहून चकल्या करून नेल्या.

जानेवारीत बाई आल्या. नवरा सामानामागे वर गेला आणि त्या थेट तिच्या टेबलाशी जाऊन तिला मिठीत घेऊन उभ्या राहिल्या. मग तिचे दोन्ही हात धरून काहीतरी विचारू लागल्या. लांबलचक, जरा दुखावलेल्या आवाजात. तिला कळेना. तिने मान वळवून मला हाक मारली.

"अगं, इकडे ये ना जरा. आजी काहीतरी महत्त्वाचं विचारतायत आणि मला एक शब्द कळत नाहीये. सांग बघू काय म्हणतात."

मी गेले. किल्ल्यांच्या फळीपासून त्या टेबलापर्यंत वीस पावलं असतील. खोटं सांगणं सोपं होतं. दोघींच्या मध्ये माझ्याशिवाय कुणी नव्हतं. पण बाई माझ्या तोंडाकडे पाहत होत्या, आणि नवरा दहा मिनिटांत खाली येणार होता, त्याला इंग्रजी येत होतं. मी खरं बोलले ते चांगुलपणाने बोलले की भीतीने, हे मला आजही सांगता येणार नाही.

"त्या विचारतायत," मी म्हटलं, "मी तुला सहा महिने आमच्याकडे शिकायला बोलावलं, तू साधं उत्तरही का दिलं नाहीस."

"मला? कधी?"

"पत्रात."

"कुठल्या पत्रात? आभाराच्या?" ती अजून हसतच होती. "त्यात होतं हे?"

"होतं."

"मग तू—" ती थांबली. हसू तसंच राहिलं आणि डोळे बदलले. "तू वाचलं होतंस ना ते?"

"वाचलं होतं. सांगितलं नाही."

बाई आमच्याकडे आळीपाळीने बघत होत्या. तिने माझ्यावरची नजर न काढता, अगदी हळू आवाजात म्हटलं, "त्यांना सांग, मुलगा लहान होता, जमण्यासारखं नव्हतं. पत्र लिहायला हवं होतं, चुकलं. आणि विचार, आता येऊ का?"

मी ते शब्दन् शब्द जर्मनमध्ये सांगितलं. तिने स्वतःवर घेतलेली चूकही माझ्याच तोंडून, चोख व्याकरणात. बाईंनी तिच्या गालावर हात ठेवला. बहीण नोव्हेंबरात वारली, म्हणाल्या. हॉटेल विकायला काढलंय. मीही आता म्हातारी झाले.

तेही मी भाषांतर करून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः मॅनेजरांकडे गेले. ती जाऊन सांगेल म्हणून आधी गेले, असंही असेल. त्यांनी फायलीतून मूळ पत्र आणि माझा कागद काढून शेजारी शेजारी ठेवले. जर्मन त्यांना येत नव्हतं. त्यांनी बोटाने मूळ पत्रातले परिच्छेद मोजले, मग माझे मोजले.

"म्हणजे मी नुसतं मोजलं असतं तरी कळलं असतं," ते म्हणाले. मग दोन्ही कागद पुन्हा फायलीत लावत, "नोकरीवरून काढलं तर मुलाखतीच्या दिवशी झाडाखाली उभे असलेल्या तुमच्या वडिलांना कारण सांगावं लागेल. ते मला जमणार नाही. उद्यापासून लिनन रूम."

लिनन रूम तळमजल्याच्या मागच्या बाजूला होती. चादरी, टॉवेल, टेबलावरची कापडं मोजून घ्यायची, फाटकी वेगळी काढायची. आठ महिने मी तिथे होते. एम.ए. पहिली. घरी सांगितलं, खात्याखात्यांत फिरवून शिकवतात.

एकदा ती टॉवेल मागायला तिथे आली आणि आम्ही दोघीच होतो. "का केलंस?" तिने विचारलं.

"मला जायचं होतं," मी म्हटलं.

"मग मागायचं होतंस. मी माझं नाव मागे घेतलं असतं असं नाही म्हणत. पण निदान आपण भांडलो असतो." तिने टॉवेल उचलले. "त्या पेजेचा तुला राग आला ना? मला माहीत होतं. मी तुला दारात पाहिलं होतं."

त्या दिवसानंतर ती माझ्याशी मराठीत बोलली नाही. इंग्रजीत बोलायची, कामापुरतं, सभ्यपणे, 'प्लीज' आणि 'थँक्यू' लावून. अख्ख्या हॉटेलात आम्ही दोघीच मराठी. तिच्या मराठीसाठी मी किती आसुसले होते हे तेव्हा समजलं.

पुढच्या वर्षी तिच्या नवऱ्याची बडोद्याला बदली झाली. मला तोवर पुन्हा स्वागतकक्षात आणलं होतं, आणि हंगाम तोंडावर होता, म्हणून लॉबीतलं तिचं टेबल माझ्याकडे आलं. जायच्या आदल्या दिवशी तिने मला सगळं समजावून दिलं आणि शेवटी खणातून एक जाड वही काढली. "हे हॉटेलचं आहे," इंग्रजीत म्हणाली, "मी नेत नाही."

ती गेल्यावर मी वही उघडली. आत सगळं मराठीत होतं. चार वर्षांत आलेला प्रत्येक पाहुणा. यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजवीकडे उभं राहावं. यांचा मुलगा अपघातात गेला, मुलांबद्दल विचारू नये. यांना जिना चढवत नाही पण तसं सांगायची लाज वाटते, आपणहून खालची खोली द्यावी. पानामागून पानं. मागच्या बाजूने जर्मन शब्द लिहिलेले, लिंगासकट, पुन्हा पुन्हा, शाळेतल्या मुलीसारखे. तिथे मी सगळ्यांदेखत सुधारलेला शब्दही होता, दहा वेळा लिहिलेला.

तिचं पाहुण्यांना आपलंसं करणं मी निसर्गाची देणगी समजत होते. नशीब, गोड चेहरा, पुणेरी ऐट. ती मेहनत होती, माझ्याहून जास्त. मी वहीत माझ्याबद्दल काही आहे का ते शोधलं. नव्हतं. मी पाहुणी नव्हते. मग मी पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला लागले, आणि वाचताना मला तिचा पूर्वीपेक्षा जास्त हेवा वाटला.

त्या वहीवर माझी पुढची नोकरी उभी राहिली. तिच्यानंतर मी तशा सात वह्या भरल्या. १९९०च्या सुमारास मी फ्रंट ऑफिस मॅनेजर, म्हणजे स्वागतकक्षाची प्रमुख झाले, काचेची केबिन मिळाली. पुढे मद्रासजवळ श्रीपेरुंबुदूरकडे मोटारींचे कारखाने उभे राहू लागले आणि कोरियन इंजिनियर आमच्याकडे महिनोन्‌महिने मुक्काम करू लागले. त्यांच्या भाषेतला एक शब्द मला येत नव्हता. चाळिशी ओलांडलेली मी, हातवारे करून, तांदूळ आणि मिरच्या दाखवून त्यांच्याशी बोलू लागले. ते हसायचे. मीही हसायची. आईला आता ऐकू कमी येत होतं. तिला मोठ्याने सांगावं लागे की होय, अजून तेथेंच काम करतें.

तिची बातमी मला एका जर्मन जोडप्याकडून कळली. ते पुण्याहून आले होते. एका मराठी बाईंच्या गेस्ट हाउसात उतरलो होतो, म्हणाले. काय आदरातिथ्य, आणि जर्मन तर इतकं गमतीदार बोलतात! मी वर्णन विचारलं. तीच.

"किती खोल्या आहेत?" मी विचारलं. एवढंच सुचलं.

"बारा."

आमच्या शंभरावर होत्या. तरी त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. तिच्या खोल्या तिच्या होत्या, माझी एकही नव्हती. दिवसभर केबिनमध्ये बसून मी मनात ते घर बांधत होते: अंगण असेल, पाहुण्यांना ती स्वतः वाढत असेल, नवरा निवृत्त होऊन वर्तमानपत्र वाचत असेल.

त्याच आठवड्यात एक फ्रेंच कुटुंब पुण्याला निघालं होतं आणि तिथे कुठे उतरावं म्हणून मला विचारत होतं. मी जर्मन जोडप्याकडून घेतलेला पत्ता त्यांना स्वच्छ अक्षरात लिहून दिला. तुमचं नाव सांगू का, त्यांनी विचारलं.

"नको," मी म्हटलं. "नुसतं जा. तुम्हाला आवडेल."